'गे संस्कृती' म्हणजे नक्की कोणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा समलिंगी माणसांचा एक छोटा गट आहे. महिन्यातून दोन रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो. चहा, फरसाण, आणि दाराशी चपलांचा ढीग पाहून शेजाऱ्यांना वाटतं भिशी असावी. गेल्या १२-१३ वर्षांत फोनवर आणि बैठकीत लोकांनी जे पुन्हा पुन्हा विचारलं, ते इथे लिहून काढलंय. काही प्रश्न तरुण मुलांचे, काही आईवडिलांचे, काही नुसत्या चौकस माणसांचे. उत्तरं माझी आहेत, गटाची नाहीत. गटात दहा जण असतील तर मतं बारा असतात. मी मूळचा सांगलीकडचा, वय ५२, पोटापाण्यासाठी अकाउंटंट.

गे संस्कृती असं खरंच काही असतं का?

असतं. फक्त ती मिळण्याची तऱ्हा उलटी आहे.

बाकीची संस्कृती आपल्याला घरात मिळते. कुलदैवत कोणतं, आमटीत गूळ घालायचा की नाही, कोणाच्या पाया पडायचं आणि कोणाला नुसता नमस्कार करायचा, यासाठी कोणी शिकवणी लावत नाही. समलिंगी मुलाचे आईवडील मात्र बहुतेक वेळा समलिंगी नसतात. त्यामुळे ही एक गोष्ट सोडून सगळं त्याला घरी मिळतं. ही मिळते बाहेर, विशी-पंचविशीत, कधी पार चाळिशीत, आणि तीही परक्या माणसांकडून. ज्याला जो पहिला भेटला त्याने जे दाखवलं, तेच त्याला 'गे संस्कृती' वाटतं.

एकाला ती रेल्वे स्टेशनच्या टोकाच्या बाकावर भेटली. एकाला इंग्रजी कादंबरीत. एकाला कोल्हापुरात जत्रेत, साडी नेसलेल्या माणसाकडून. आज अठरा वर्षांच्या पोराला ती मोबाइलवर भेटते, चेहऱ्याऐवजी छातीचे फोटो लावलेल्या माणसांच्या यादीत. ही चौघं एका खोलीत बसवली तर एकमेकांशी काय बोलावं हे त्यांना कळत नाही. मी हे पाहिलंय, आमच्याच बैठकीत. शेवटी क्रिकेटवर बोलले.

गे, समलिंगी, तृतीयपंथी, हिजडा : सगळं एकच ना?

नाही. गे म्हणजे पुरुषाची ओढ असलेला पुरुष, लेस्बियन म्हणजे स्त्रीची ओढ असलेली स्त्री. दोघांचीही ओढ वाटणारे बायसेक्शुअल. हे झालं 'मला कोण आवडतं' याचं उत्तर. ट्रान्सजेंडर हे 'मी कोण' याचं उत्तर आहे: जन्मल्यावर मुलगा म्हणून नोंद झाली पण मी बाई आहे, किंवा त्याच्या उलट. हिजडा ही त्यातली एक जुनी, गुरू-चेल्यांची, घराण्यांची व्यवस्था असलेली जमात. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले एप्रिल २०१४ मध्ये, आणि समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून सोडवलं सप्टेंबर २०१८ मध्ये. न्यायालयानेसुद्धा दोन वेगळ्या तारखा दिल्यात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

शब्दांबद्दल थोडं अजून. पुस्तकी मराठीत समलिंगी, समलैंगिक. पुण्यातल्या समपथिक ट्रस्टने २००२ साली स्वतःच्या नावासाठी 'समपथिक' हा शब्द घेतला. मला तो सगळ्यांत आवडतो, पण बोलताना कोणी वापरत नाही. शाळेत आमच्या वाट्याला आलेले शब्द बायल्या, छक्का, मामू. त्यामानाने 'गे' बरा, परका असला तरी शिवी नाही. शिवाय मराठीत तो बाईला घातलेली साद म्हणून आधीपासून आहेच. वेंगुर्ल्याच्या मावशीला मी जेव्हा सांगितलं की मावशी, मी गे आहे, तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघालं, "गे बाय माझे!" पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं हसत होतो. तिने मग विचारलं ते एवढंच, की जेवणाचं काय करतोस.

हे पाश्चात्त्य खूळ नाही का?

झेंडा बाहेरचा आहे, कबूल. इंद्रधनुष्याच्या रंगांचा तो पट्टा १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत शिवला गेला. 'गे' शब्द बाहेरचा, मिरवणुकीची कल्पनाही बाहेरची. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि मिरची हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले आहेत. उपास मोडत नाही.

बाहेरून आलेली मोठी गोष्ट वेगळीच होती : इंग्रजांनी केलेल्या १८६० च्या दंडसंहितेतलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७. ते आणणारे निघून गेले, त्यांच्या देशातला कायदा बदलला, आपण मात्र ते २०१८ पर्यंत घरातल्या जुन्या कपाटासारखं सांभाळलं.

आणि मराठीत ही चर्चा काल सुरू झालेली नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत. वाचक त्यांना लैंगिक विषयांवर पत्रं पाठवत, समलिंगी संबंधांबद्दलही, आणि कर्वे अंकात उत्तरं देत. म्हणजे तुम्ही वाचताय तसलंच पान. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारतात तर उत्तर द्यायला हवं, आणि तज्ज्ञांच्या मते हे अनैसर्गिक नाही, अशा अंगाने त्यांनी बाजू मांडली. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. 'आमच्या मराठी संस्कृतीत हे नव्हतं' असं कोणी म्हटलं की मला ते २०० रुपये आठवतात. जे नव्हतं त्याच्यावर दंड कसा बसला?

ॲप नव्हते तेव्हा माणसं भेटायची तरी कुठे?

हा प्रश्न पोरं फार कुतूहलाने विचारतात, जणू मी पेशवाईतला आहे.

स्टेशनवर. बागेत. सार्वजनिक मुतारीत, हे लिहायला लाज वाटत नाही कारण दुसरी जागा कोणी दिली नव्हती. मुंबईत लोकलचे ठरावीक डबे. भाषा नव्हती, नजर होती. एकाने पाहिलं, दुसऱ्याने पाहिलं, पहिला दहा पावलं चालून थांबला, वळून बघितलं. घड्याळात किती वाजले विचारायचं, स्वतःच्या मनगटावर घड्याळ असताना. नाव विचारलं तर खोटं सांगायचं. मी तीन वर्षं 'संजय' होतो. साध्या वेशातला पोलीस कोण आणि आपला कोण हे ओळखायला चुकलात तर खिशातले पैसे, बोटातली अंगठी, आणि 'घरी कळवू का?' ही धमकी. कलम ३७७ खाली शिक्षा झालेला माणूस मला कधी भेटला नाही. त्या कलमाच्या नावाने लुबाडला गेलेला मात्र जवळजवळ प्रत्येक जण भेटला.

मुंबईत हळूहळू दुसरं काही उभं राहत होतं. पत्रकार अशोक राव कवी १९८६ सालीच एका इंग्रजी मासिकात आपल्याबद्दल उघड बोलले होते. १९९० मध्ये त्यांनी 'बॉम्बे दोस्त' हे आपल्या लोकांसाठीचं नियतकालिक सुरू केलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट ही संस्था. ट्रस्टचं काम वाकोल्याला महापालिकेच्या इमारतीतून चालायचं, याचं मला त्या वेळी केवढं अप्रूप वाटलं होतं : पालिका, म्हणजे सरकारच की, आणि त्याच्या जिन्यावरून आपण वर जायचं! 'बॉम्बे दोस्त'चा पहिला अंक माझ्या हातात पडला १९९६ साली, एका रूममेटच्या ट्रंकेत, तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राच्याही खाली. त्याने माझ्यासाठी लपवला नव्हता, माझ्यापासून लपवला होता. आम्ही दोघं एका खोलीत दीड वर्षं राहत होतो आणि दोघंही दर शनिवारी एकमेकांना थापा मारून एकाच स्टेशनवर जात होतो. वेळा वेगळ्या, म्हणून गाठ पडली नाही.

त्याच काळात कुलाब्याला वूडू नावाच्या पबमध्ये शनिवारी रात्री आपली माणसं नाचायची. १९९८ पासून 'गे बॉम्बे' नावाच्या गटाच्या बैठका आणि पार्ट्या सुरू झाल्या. मुंबईचे माझ्या वयाचे मित्र त्या दिवसांबद्दल डोळ्यांत पाणी आणून बोलतात. त्यांच्यासाठी गे संस्कृती म्हणजे ते गाणं, तो धूर, ती टॅक्सी. मी एकदा गेलो होतो. सगळे इंग्रजीत बोलत होते. मी भिंतीला टेकून एक बाटली तीन तास पुरवली आणि पहाटेच्या गाडीने परत आलो. तिथे कोणी मला वाईट वागवलं नाही. पण सांगलीच्या बसस्टँडवर मी जितका एकटा असायचो तितकाच तिथेही होतो, फक्त गाणी बरी होती.

कोती, पंथी हे काय प्रकार आहेत?

इंग्रजी बोलणाऱ्या गे मंडळींना जे माहीतच नसतं असं एक जग. बायकी वळणाचा, स्वतःला मनाने बाई मानणारा पुरुष तो कोती. त्याचा जोडीदार, 'पुरुषी' पुरुष, तो पंथी. तो स्वतःला गे वगैरे काही म्हणवत नाही, त्याच्या मते तो साधा पुरुष आहे. दोन्हीकडचा असेल तर डबल डेकर, आणि या नावावर मी अजूनही हसतो. (पंथी आणि तृतीयपंथी यांचा गोंधळ करू नका. शब्द जवळचे, माणसं अगदी वेगळी.)

सरकारच्या एचआयव्ही कार्यक्रमाने हे शब्द फॉर्मवर आणले, तेव्हा कुठे आरोग्य खात्यातल्या लोकांना कळलं की गावोगावी ही मंडळी आहेत. त्याआधीही ती होतीच. कोतींची स्वतःची बोली आहे. तिच्यातले शब्द मी इथे देणार नाही. लपण्यासाठी बनवलेली भाषा चव्हाट्यावर आणून काय मिळवायचं?

नाती हा त्यांचा खरा ठेवा. अनुभवी कोती नव्याला पदरात घेते आणि ती त्याची 'आई' होते. मग मावश्या येतात, बहिणी येतात, आजीसुद्धा येते. पिंपरीत एका कारखान्यात हेल्परचं काम करणारा आमचा एक मित्र आहे, पंचेचाळिशीचा. त्याची जन्मदाती आई वारली तेव्हा भाऊबंद येऊन गेले, आणि रात्री चार तरुण पोरं पिठलं-भाताचे डबे घेऊन आली. शेजाऱ्यांनी विचारलं, कोण ही? तो म्हणाला, माझ्या मुली. शेजारी गप्प बसले. दहाव्यापर्यंत डबे चुकले नाहीत. पार्ट्यांवरून गे संस्कृती ओळखणाऱ्या माणसाला मी हे डबे दाखवेन.

आमच्या सांगली-कोल्हापूरकडे याला आणखी एक जुनी वाट आहे : जोगते, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेले पुरुष. सौंदत्तीची देवी, डोक्यावर 'जग' (देवीचा मुखवटा बसवलेली परडी), गळ्यात कवड्या. त्यातले सगळे समलिंगी असतात असं कोणी समजू नये, सक्तीने सोडलेलेही असतात आणि त्यात फार दुःख आहे. पण बायकी चालीचा म्हणून घरात मार खाणारा एखादा पोरगा जोगता झाला की त्याच घरातले लोक त्याच्या पाया पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला 'तू गे आहेस का' विचारलं तर त्याला तो प्रश्नच कळणार नाही.

तमाशातला नाच्या, संगीत नाटकातले बालगंधर्व, हे पण गे संस्कृतीतच येतात का?

नाही, आणि हा घोळ आपणच घातलाय. बाईची भूमिका करणं हे काम आहे. बायका रंगभूमीवर येत नव्हत्या म्हणून पुरुषांनी ती केली आणि बालगंधर्वांच्या साड्यांची फॅशन घराघरांतल्या बायकांनी उचलली. चित्रपटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील घरी चारचौघांसारखे संसारी होते, तरी लोक त्यांना पडद्याबाहेरही तसंच समजत राहिले. एका नटाला सोसावं लागलं ते आमच्याबद्दलच्या समजुतीमुळे. त्या अर्थाने नातं आहे खरं.

प्राइडच्या मिरवणुकीत लोक इतके भडक का असतात? साध्या कपड्यांत हक्क मागता येत नाहीत?

हा प्रश्न बाहेरच्यांपेक्षा आमच्यातलेच जास्त विचारतात.

भारतातली पहिली अशी फेरी २ जुलै १९९९ ला कोलकात्यात निघाली, जेमतेम पंधरा जणांची. मुंबईत २००८ च्या ऑगस्टमध्ये, ऑगस्ट क्रांती मैदानातून. पुण्यात ११ डिसेंबर २०११ ला. पुण्याच्या त्या पहिल्या फेरीला मी गेलो नाही. जंगली महाराज रस्त्याच्या समोरच्या फुटपाथवर हेल्मेट घालून उभा होतो, गाडी नसताना. असे हेल्मेटवाले बरेच होते.

२०१७ साली पुण्यातल्या संयोजकांनी नीटनेटके, साधे कपडे घालून या असं सुचवलं आणि जो वाद पेटला त्यात गे संस्कृतीचे सगळे अर्थ एकमेकांवर आदळले. एक बाजू म्हणाली, ही पुण्याची मिरवणूक आहे, आईवडील बघतात, पेपरात नेमका सगळ्यांत भडक फोटो छापून येतो, मग घरी सांगायचं कसं? दुसरी बाजू म्हणाली, आयुष्यभर 'नीट चाल, नीट बोल, नीट कपडे घाल' हेच ऐकलं, आता वर्षातल्या एका दिवशी आपलेच लोक तेच सांगणार?

मी तेव्हा पहिल्या बाजूला होतो. आता नाही. मत बदललं ते एका साध्या निरीक्षणामुळे : मला साध्या शर्टात सुरक्षित वाटतं कारण माझी चाल सरळ आहे. आमच्या कोती मित्राला शर्ट घातला काय आणि साडी नेसली काय, रस्त्यावरचा टपोरी त्याला ओळखतोच. साधेपणाचा सल्ला फक्त ज्यांना लपता येतं त्यांच्या कामाचा. आणि गणपतीच्या मिरवणुकीत कोणी इस्त्रीचा फॉर्मल शर्ट घालून नाचत नाही.

मला हे काहीच आवडत नाही. ना पार्टी, ना प्राइड, ना ते ड्रॅग (पुरुषांनी बाईचा भडक वेश करून रंगमंचावर येणं). मी कमी गे आहे का?

नाही. तुम्हाला कीर्तन आवडत असेल तर कीर्तनाला जा. आमच्या गटात एक वारकरी आहेत, दरवर्षी आळंदीहून चालत जातात, रविवारी बैठकीला येताना लाडू आणतात.

निदान या समाजात तरी जातपात नसेल ना?

नसती तर बरं झालं असतं. २०१५ साली मुंबईत एका आईने आपल्या मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात दिली. केवढं धाडस! काही वर्तमानपत्रांनी ती नाकारली, एकाने छापली. जाहिरातीत शेवटी होतं, स्वजातीयाला प्राधान्य. आईने नंतर ते थट्टेने लिहिल्याचं सांगितलं, पण थट्टा कोणाला झोंबली आणि कोणाला कळलीसुद्धा नाही, यावरून बरंच काही कळलं.

आमच्याकडे आलेल्या एका मुलाने सांगितलेलं लिहितो. मूळचा मराठवाड्यातला, कोथरूडला एका फ्लॅटवर ॲपवरून ओळख झालेल्या माणसाकडे गेला. गप्पा छान चालल्या होत्या. मग यजमानाने विचारलं, आडनाव काय? त्याने सांगितलं. चहा आला, पण त्यानंतर फोन आला नाही. तो म्हणाला, दादा, मी गे आहे हे वस्तीत सांगता येत नाही आणि वस्ती कुठली हे गेंना सांगता येत नाही. त्याच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्याच्याखाली छोटा इंद्रधनुषी झेंडा. ही जोडी त्याला कोणी शिकवली नाही, त्याची त्यानेच लावली.

मी गे आहे, वय २९, घरचे मुली बघतायत. लग्न केल्यावर ठीक होईल का?

नाही होणार. हे उत्तर मी मुद्दाम सगळ्यांत आधी देतो, कारण पुढचं लोक ऐकत नाहीत.

आमच्या पिढीतल्या असंख्य पुरुषांनी लग्नं केली. त्यांच्यासाठी गे संस्कृती म्हणजे दुसरं सिम कार्ड, 'ऑफिसचं काम' म्हणून महिन्यातून एक लॉजची दुपार, आणि घरी पोचण्याआधी चेहरा पुसणं. मी त्यांना नावं ठेवत नाही. १९९५ साली आईला नाही म्हणायला लागणारं बळ सगळ्यांकडे नसतं, माझ्याकडे होतं ते वडील लवकर गेले म्हणून असेल. पण त्यांच्या बायकाही आम्हाला फोन करतात. एक बाई, सोलापूरकडच्या, म्हणाल्या, "वीस वर्षं मला वाटत होतं मीच दिसायला बरी नाही." फोनवर दोन मिनिटं मला काही बोलता आलं नाही.

तेव्हा मुलगी बघायला जाऊ नका. सगळं आत्ताच घरी सांगा असं मी म्हणत नाही. नोकरी, खोली, एखादा भरवशाचा भाऊ-बहीण, आधी हे जमवा. 'मला इतक्यात लग्न करायचं नाही' एवढं वाक्य पाठ करून चार वर्षं काढता येतात. कांदेपोह्यांना एकदा बसलात की सुटणं अवघड.

स्त्रियांचं काय? सगळीकडे पुरुषांबद्दलच का लिहिलेलं असतं?

कारण लिहिणारे आमच्यासारखे पुरुष असतात. हाही लेख त्याला अपवाद नाही.

पण एक खरं कारण आहे. आमची संस्कृती स्टेशनवर आणि बागेत घडली, आणि रात्री दहाला बागेत नुसतं उभं राहण्याची मुभा बाईला कधीच नव्हती. त्यांचं जग घरांमध्ये घडलं : मैत्रिणी, वसतिगृहं, एकत्र भाड्याने राहणाऱ्या 'दोघी नोकरदार'. त्यांच्यावर संशय कमी, कारण बायकांना अशी इच्छा असू शकते हेच लोकांना सुचत नाही. आणि संशय आला की सुटका नाही, थेट लग्न. मुंबईत १९९५ मध्ये स्त्री संगम नावाचा गट सुरू झाला, पुढे तो लेबिया म्हणून ओळखला गेला. १९९८ च्या डिसेंबरात दोन जावांच्या प्रेमावरच्या 'फायर' या चित्रपटाचे खेळ शिवसैनिकांनी मुंबईत बंद पाडले, आणि त्या निमित्ताने 'लेस्बियन' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत आला.

मराठी रंगभूमी मात्र त्याच्या कितीतरी आधी इथे पोचली होती. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये आलं, रोहिणी हट्टंगडी मित्रा झाल्या होत्या. आमच्या गटात येणाऱ्या एका सत्तरीच्या बाईंनी ते तेव्हा पाहिलं होतं, यजमानांबरोबर. त्या सांगतात, मध्यंतरात यजमान बटाटेवडा आणायला गेले आणि मी खुर्चीतून उठले नाही, पाय लटपटत होते. वड्याचा घास गिळवला नाही. घरी जाऊन यजमान म्हणाले, काय विचित्र नाटक. त्या 'हो' म्हणाल्या.

आता कायदा बाजूने आहे, तरी वेगळी संस्कृती, वेगळे गट कशाला?

कायदा कितपत बाजूने आहे ते आधी बघा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुटका केली, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ ला ती काढून घेतली, ६ सप्टेंबर २०१८ ला परत दिली. २०१३ ते २०१८ ही पाच वर्षं आम्ही कायद्याने पुन्हा गुन्हेगार होतो. त्या पाच वर्षांत ज्यांनी पहिल्यांदा प्रेम केलं त्यांची भीती आमच्यासारखी जुनी नाही, वेगळीच आहे. दिलेलं परत घेतलं जातं हे त्यांनी पाहिलंय. २०१८ नंतर कॉलेजात आलेल्या पोरांना यातलं काहीच आठवत नाही. देव करो आणि आठवायची वेळ न येवो.

मग लग्न करता येतं का?

कायदेशीर नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क द्यायला नकार दिला, जानेवारी २०२५ मध्ये फेरविचारही नाकारला. केंद्राने २०२४ मध्ये एवढं स्पष्ट केलं की दोघांना संयुक्त बँक खातं काढता येईल, एकमेकांना नॉमिनी करता येईल आणि रेशन कार्डावर एक कुटुंब मानलं जाईल. म्हणजे गहू-तांदूळ एकत्र, नातं नाही.

समारंभ मात्र लोक करतात. गोव्यात फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी आपल्या फ्रेंच जोडीदाराशी २००२ मध्येच फ्रेंच कायद्याखाली करार केला होता. २०१७ च्या अखेरीस यवतमाळात, हो, यवतमाळात, अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी माणसाने आपल्या व्हिएतनामी जोडीदाराबरोबर हॉटेलात सोहळा केला. गाजावाजा झाला, त्रासही झाला. पण त्याने अमेरिकेतलं आयतं सभागृह सोडून स्वतःच्या गावी यायचं ठरवलं, यातच त्याच्या लेखी संस्कृती म्हणजे काय ते आलं.

डॉक्टरी इलाज आहे का?

हा आजार नाही, म्हणून इलाजही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये आजारांच्या यादीतून हे काढलं. 'बरं' करून देण्याचा दावा करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय. कोणी शॉक, गोळ्या किंवा पूजा सुचवली तर उठून बाहेर पडा. पैसे भरले असतील तर सोडून द्या.

माझा मुलगा गे आहे. मी त्याला स्वीकारलंय, पण त्याचे मित्र, त्यांचं बोलणं, काही कळत नाही. मी काय करू?

ताई, सगळं कळायला हवं असं नाही. मुलगा इंजिनिअर झाला तेव्हा त्याचं कोडिंग तुम्हाला कुठे कळत होतं?

बहुतेक आया आधी स्वतःला दोष देतात : डोहाळे, देवाचं राहिलेलं, लहानपणी बहिणीचा फ्रॉक घातला होता. यातलं काही नाही. मग दुसरी पायरी येते, 'तू आहेस तसा ठीक, पण लोकांत नको.' ही पायरी लांबते. तिथे अडकलेल्या आयांना मी पालकांच्या 'स्वीकार' या गटाबद्दल सांगतो. लग्नाचा खटला चालू असताना एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी ४०० हून जास्त पालकांच्या वतीने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. माझं बोलणं ऐकून जे होत नाही ते दुसऱ्या आईशी फोनवर अर्धा तास बोलून होतं.

दोनच गोष्टी सांभाळा. कोणाला सांगायचं ते त्याला ठरवू द्या. जावेला विश्वासात घेऊन सांगणं म्हणजे गावाला सांगणं. आणि त्याचा मित्र घरी आला तर त्याला पाहुण्यासारखं बाहेरच्या खोलीत बसवून ठेवू नका. माझ्या आईने माझ्या जोडीदाराला पहिली पाच वर्षं कपबशीतून चहा दिला. सहाव्या वर्षी एकदा म्हणाली, तो स्टीलचा पेला घे रे, कपबशी कोण धूत बसणार. आम्ही रात्री दोघंही त्यावरच बोलत होतो.

तुमच्या रविवारच्या बैठकीला यायचं असेल तर काही तयारी लागते का? काय घालून यावं?

काहीही घाला. खरं नाव सांगायची सक्ती नाही. आमच्याकडे सध्या तीन 'संजय' आहेत. पहिल्या दिवशी नुसतं बसून राहिलात तरी कोणी बोलायला लावत नाही. फोटो काढायचे नाहीत. फरसाण तिखट असतं. चपला बाहेर, पण जिन्यात नको, खालच्या काकू ओरडतात.